शिडीवरचा माणूस

ती घटना विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही, कारण कागदावर ती कधीच निकाली निघाली असली तरी माझ्यापुरती अजून चालू आहे. ते कसं, हे शेवटी सांगतो. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही. त्यातली बरीच माणसं हयात आहेत, आणि सुरत कितीही वाढली तरी आपल्या माणसांपुरती ती लहानच आहे.

माझी नोकरीची शेवटची तीन वर्षं उरली होती. शहराच्या पूर्वेकडचं पोलीस ठाणं माझ्याकडे होतं. गोडादरा, नवागाम, डिंडोली हा सगळा लूम म्हणजे यंत्रमाग कामगारांचा भाग आमच्या हद्दीत, आणि निम्मी वस्ती खानदेशातली. मी त्यातलाच. वडील धुळ्याकडून लूमवर आले, मी इथेच शिकलो आणि इथेच गुजरात पोलिसांत लागलो. फिर्याद गुजरातीत लिहायची, वरिष्ठांशी हिंदीत बोलायचं आणि समोरचा माणूस रडायला लागला की अहिराणीत समजूत काढायची, अशी आमची तीन भाषांची नोकरी.

सव्वीस जानेवारीचा बंदोबस्त आटोपून तीन दिवस झाले होते. सकाळची हजेरी चालू असताना सत्तरीचे एक गृहस्थ आत आले. पांढरा शर्ट, जाड भिंगांचा चष्मा, हातात कापडी पिशवी. सगळा गोडादरा त्यांना नाना म्हणत असे, म्हणून मीही नानाच म्हणतो. रेल्वेत कारकून होते, निवृत्त झालेले. त्यांना मी ओळखत होतो, कारण दर प्रजासत्ताक दिनाला त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन भरत असे आणि उद्घाटनाला आम्हाला बोलावणं असे.

नानांना तरुणपणी वैमानिक व्हायचं होतं. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. मग त्यांनी दुसरा मार्ग धरला. युद्धात शौर्यपदक मिळालेल्या वैमानिकांचे त्या काळातले फोटो जमवायचे. वर्तमानपत्रातली कात्रणं नव्हेत, अस्सल फोटो. पत्ते शोधून ते घरच्यांना पत्र लिहीत, फोटो पोस्टाने मागवून घेत, त्याची नक्कल काढत आणि मूळ फोटो परत पाठवत. चाळीस वर्षं हे चाललं होतं. ज्यांना वारस नव्हता किंवा ज्यांनी आपणहून दिला, त्यांचे मूळ फोटोही नानांकडे होते. साडीच्या रिकाम्या खोक्यांमध्ये, मलमलच्या कपड्यात गुंडाळून, कडुनिंबाचा पाला घालून ते हे सगळं ठेवत. आपल्या पोरांची एवढी निगा कुणी राखत नाही.

"साहेब, एक फोटो गया," ते म्हणाले. "चाळीस वरीसमा एक बी फोटो गया नही. आते काय तोंड दाखाडू?"

हा फोटो एकाहत्तरच्या युद्धातल्या एका वीरचक्रधारक वैमानिकाचा होता. तो त्याच लढाईत गेला. त्याची पत्नी पुण्यात राहत होती, ऐंशीच्या घरातली. तिने आयुष्यात पहिल्यांदा तो फोटो घराबाहेर जाऊ दिला होता, तोही नानांची चार पत्रं गेल्यावर. नवऱ्याचा युद्धाच्या दिवसांतला तिच्याकडचा तो एकच फोटो. आणि तिची नजर जात चालली होती. पिशवीतून तिचं पत्र काढून नानांनी माझ्यापुढे ठेवलं. मोठाली, वेडीवाकडी अक्षरं होती. अहमदाबादला मुलीकडे जाताना मी सुरतेला उतरून फोटो घेऊन जाईन, अजून थोडं दिसतं आहे तोवर तो जवळ हवा, असं लिहिलं होतं. ती यायला नऊ दिवस होते.

नियमाने मी तेव्हाच गुन्हा नोंदवायला हवा होता. पण गुन्हा नोंदला की मिळालेला फोटो मुद्देमाल होतो. त्याला सील लागतं, तो कोर्टात जातो आणि नंतर कुठल्या दमट खोलीत किती वर्षं पडतो ते कोणी सांगू शकत नाही. तोवर त्या बाईंच्या डोळ्यांपुढे अंधार. म्हणून मी अर्जावर चौकशी ठेवली. हे बरोबर की चूक यावर माझे दोन वरिष्ठ आजही माझ्याशी वाद घालतात. मी ऐकून घेतो.

अर्ज मी स्वतः लिहून घेतला. "वस्तूचं वर्णन?" मी विचारलं. नाना म्हणाले, "पदकविजेत्या वैमानिकाचा विमानासमोरचा फोटो." मी लिहिलं, एक नग.

नानांच्या घरी वरच्या मजल्यावर लोखंडी कपाट होतं. कुलूप तुटलेलं नव्हतं. किल्ली भिंतीवरच्या घड्याळामागे टांगलेली असे, म्हणजे ज्याला घर माहीत त्याला किल्ली माहीत. तीनशेच्या वर फोटोंमधून एकच गेलेला. आणि एक गोष्ट विचित्र होती. प्रदर्शनासाठी नाना प्रत्येक फोटोवर काळ्या पुठ्ठ्याची चौकट बसवत. मध्ये खिडकी कापलेली, त्यातून फक्त वैमानिक दिसे. चोराने फोटो नेला होता, पण चौकट नीट पुसून जागच्या जागी ठेवली होती. मी ती हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली. तिथेच थांबून विचार करायला हवा होता.

"घरात येणंजाणं कुणाचं?" मी विचारलं.

"घरनाच लोके. आनि सूनना कामवर येणाऱ्या बाया," नाना म्हणाले.

त्यांची सून साड्यांवर खडे चिकटवायचं काम घरी आणत असे. दुपारी आसपासच्या पाचसहा बायका खाली बसून ते काम करत. मी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. त्या बाया कोण, हे मी विचारलं नाही. नानांनी सांगितलंही नाही.

नानांचा संशय एकावरच होता. चौकबाजाराकडे जुनी नाणी, तिकिटं, पदकं विकणारा एक दुकानदार. तो वर्षानुवर्षं नानांच्या संग्रहामागे होता. आम्ही त्याला सकाळी बोलावलं आणि संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. माझ्या डी-स्टाफने, म्हणजे गुन्हे शोधणाऱ्या आमच्या पथकाने, त्याचं दुकान खालीवर केलं. काही निघालं नाही. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, नोकरीत शिकलेलं सगळं वापरलं. शेवटी तो दमून म्हणाला, "साहेब, मने एक वात कहो, एक सांगा मला. ज्या फोटोंच्या पाठीमागे सही आहे, ते बाजारात जास्त चालतात. ते सगळे जागेवर आहेत ना? मग ज्याने हा नेला, त्याला विकायचा नाही. त्याला ठेवायचा आहे."

मी त्याला चहा पाजला आणि माफी मागून घरी पाठवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची सवय आमच्या खात्याला आहे, आणि मी काही खात्याबाहेरचा नव्हतो. पण त्याचं म्हणणं बिनतोड होतं. ठेवायचा फोटो माणूस लपवत नाही. तो मोठा करून घेतो, लॅमिनेशन करतो, भिंतीवर लावतो. दुसऱ्या दिवशी आमची पोरं लिंबायतपासून डिंडोलीपर्यंत प्रत्येक फोटो स्टुडिओत आणि लॅमिनेशनच्या दुकानात निरोप ठेवून आली.

चार दिवस काहीच नाही. नाना रोज सकाळी अकराला येऊन बाकावर बसत. काही विचारत नसत, फक्त बसत. त्यांच्या त्या बसण्याने माझी भूक गेली होती.

पाचव्या दिवशी नवागामच्या एका स्टुडिओवाल्याचा फोन आला. भला गुजराती माणूस, पण घाबरट. "साहेब, एक बेन आव्यां हतां. विमानवाळो जूनो फोटो. पण कहे के वच्चेवाळो माणस नथी जोइतो, सीडीवाळानो मोटो करी आपो."

मधला माणूस नको, शिडीवरचा मोठा करून द्या. मी फोन ठेवला आणि नानांकडची फोटोची नक्कल मागवली. तीही मधल्या माणसाचीच होती. कडा कापलेल्या. त्या क्षणी मला ती पुसून ठेवलेली काळी चौकट आठवली. जिच्या खिडकीतून शिडीवरचा दिसतच नाही, ती चौकट नेऊन त्या बाईला करायचं काय होतं?

महिला कॉन्स्टेबलला घेऊन मी स्टुडिओवाल्याने दिलेल्या पत्त्यावर नवागामला गेलो. दहा बाय बाराची खोली. पन्नाशीची बाई दारातच साडी मांडीवर घेऊन खडे चिकटवत बसली होती. आम्हाला पाहून उठली, हात पुसले, आतून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली नवा, मोठा केलेला फोटो. पांढरी फुलं वाहिलेली. फोटो मोठा करताना फाटल्यासारखा झाला होता, नुसते ठिपके. तरी दिसत होता. तरुण पोरगा, अंगात ओव्हरऑल, कानामागे पेन्सिल, शिडीच्या वरच्या पायरीवर वाकलेला आणि खळखळून हसणारा. मी त्या फोटोकडे पाहिलं आणि बाईकडे पाहिलं. तेच रुंद कपाळ, तीच गालावरची खळी. ओळखपरेडची गरज नव्हती.

"साहेब, मी नेला फोटो. लिहा," ती म्हणाली. "पण आत्ता देणार नाही."

असं कबुलीजबाब देणारं माणूस मला उभ्या नोकरीत भेटलं नव्हतं. माणसं आधी नाही म्हणतात, मग रडतात, मग दुसऱ्यावर ढकलतात. हिने यातलं काही केलं नाही.

तिचे वडील हवाई दलात विमानांचे फिटर होते. युद्धानंतर काही वर्षांनी सुटले, सुरतेला आले आणि पुढचं सगळं आयुष्य एका डाइंग मिलमध्ये रंगाच्या वाफेत काढलं. पेन्सिल मात्र तिथेही कानामागेच. वस्तीत ते सांगत, माझ्या सहीशिवाय विमान हलत नसे. लोक हसत. म्हणत, विमानाला पाणी मारत असेल. खाडीला पूर आला तेव्हा खोलीत छातीएवढं पाणी चढलं, आणि घरातले सगळे फोटो त्यात गेले. वडील वारले तेव्हा मतदान कार्डावरचा आजारी, सुजलेला चेहरा मोठा करून त्यापुढे मेणबत्ती लावावी लागली.

"बाबा म्हणायचे, विमानाची एक वही असते. आधी फिटर सही करतो, की विमान ठीक आहे. मग पायलट सही करतो आणि बसतो. त्याचा जीव आपल्या सहीवर. आधी माझी सही, मग साहेबांची." ती शांतपणे बोलत होती. "प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी नानांनी फोटो पुठ्ठ्यात बसवायला माझ्या हातात दिला. मी पाहिलं तर शिडीवर बाबा. मी म्हटलं, नाना, हे माझे बाबा आहेत. ते म्हणाले, असेल कोणी मदतनीस. मेडल कोणाला मिळालं ते बघ. आणि वर पुठ्ठा ठेवला. माझ्या डोळ्यांसमोर बाबा झाकले गेले, साहेब."

मी खाकी आवाज काढला. म्हटलं, ताई, मी झडती घेऊ शकतो.

"घ्या. डब्यात आहे, सापडेल. पण मग तो परत त्याच पुठ्ठ्यात जाईल. आधी फोटोमागे बाबांचं नाव लिहा, मग फोटो न्या."

महिला कॉन्स्टेबल माझ्याकडे बघत होती. मराठी तिला अर्धंमुर्धंच कळत होतं, पण काय चाललंय ते पूर्ण कळलं होतं. मी खरं सांगतो, त्या खोलीत मला माझ्या वर्दीची लाज वाटली. पण पोलिसाला नुसती लाज वाटून चालत नाही, खातरजमा करावी लागते. मी पुरावा मागितला. तिने पिठाच्या डब्यामागून एक डबा काढला. साडीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फोटो, आणि त्याच्यासोबत वडिलांचं सेवामुक्तीचं पुस्तक. पुराच्या पाण्याने फुगलेलं, आतला फोटो विरघळून गेलेला, पण तुकडीचा क्रमांक आणि फिटर हा हुद्दा वाचता येत होता. फोटोच्या पाठीवर तुकडीचा शिक्का होता. क्रमांक तोच.

फोटो तिच्याच हातात ठेवून मी तिला ठाण्यात आणलं. नाना बाकावर होतेच. फोटो पाहताच ते उठले, आणि मग तो कुणाच्या हातात आहे ते पाहून त्यांचा तोल गेला. माझ्या घरात बसतेस, माझा चहा पितेस, असं बरंच बोलले.

"नाना, मी आधी विचारलं होतं तुम्हाला," ती एवढंच म्हणाली.

मी दोघांच्या मध्ये सेवामुक्तीचं पुस्तक ठेवलं. नानांनी चष्मा काढून ते डोळ्यांजवळ नेलं. मग फोटो पालथा केला, शिक्का वाचला. पुन्हा पुस्तक वाचलं.

"विचारं व्हतं तिनी," शेवटी ते म्हणाले. "मीच ऐकं नही. माले वाटे, मेडल ज्याले भेटनं तोच खरा. बाकीना लोके काय, ऱ्हातसच." मग ते तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "साहेब, मना अर्ज मागे लिखी घ्या."

मला वाटलं, इथे प्रकरण मिटलं. पण तिने फोटो सोडला नाही. नाव लिहिल्याशिवाय नाही. आणि नाना म्हणाले, फोटो माझा नाही, त्या बाईंच्या परवानगीशिवाय मी त्यावर टिंबही काढणार नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मग मी ठरवलं की ज्यांचा फोटो, त्यांच्यासमोरच काय ते होऊ दे. तोवर फोटो माझ्या टेबलाच्या खणात कुलपात राहील, आणि किल्ली त्या ताईकडे. पोलीस ठाण्याच्या खणाची किल्ली संशयितेच्या पदराला बांधलेली, असं मी तरी कुठे पाहिलेलं नाही.

ठरलेल्या दिवशी मी स्वतः स्टेशनवर गेलो आणि पुण्याच्या बाईंना नानांच्या घरी घेऊन आलो. काळा चष्मा, सुती साडी, पाठ ताठ. गाडीत मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी फक्त नानांचं घर किती लांब आहे ते विचारलं. त्यांनी फोटो घेऊन पुढची गाडी पकडली असती तर मी काय करणार होतो? कायदा त्यांच्याच बाजूचा होता.

नानांच्या बैठकीत त्यांनी काळा चष्मा काढला आणि फोटो नाकाला लागेल इतका जवळ धरला. आधी मध्ये, मग हळूहळू कडेला.

"शिडीवरचा हसतोय का?" त्यांनी विचारलं. "मला आता कड दिसत नाही."

"हसताहेत," ताई म्हणाली.

"यांच्या पत्रात असायचं. माझा शिडीवरचा माणूस हसला की मी निर्धास्त इंजिन चालू करतो." त्यांनी फोटो मांडीवर ठेवला. "मला वाटायचं, ही यांची थट्टा. फोटोत तो आहे हे मला ठाऊकच नव्हतं. पन्नास वर्षं मी फक्त यांच्याकडे बघत आले." मग त्यांनी ताईला जवळ बोलावलं आणि दोन्ही हातांनी तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. "परत आले नाहीत, त्या दिवशी विमानात दोष नव्हता गं. चौकशीत तसं लिहून आलं होतं. तुझ्या वडिलांची सही खरी होती."

ताई तेव्हा पहिल्यांदा रडली. नाना भिंतीकडे तोंड करून उभे होते.

बाई म्हणाल्या, "नाना, पेन्सिल घ्या. दोन्ही नावं लिहा. आधी शिडीवरच्याचं. सहीचा क्रम तसाच होता ना?"

नानांनी मऊ पेन्सिलीने आधी शिडीवरच्याचं नाव लिहिलं. त्याखाली वैमानिकाचं. मूळ फोटो पुण्याच्या बाईंबरोबर गेला. अख्खी नक्कल, कडांसकट, दोन प्रतींत निघाली. एक नानांच्या कपाटात, एक नवागामच्या भिंतीवर. त्या रविवारी वडिलांच्या स्मृतिदिनाला वस्तीतली जी माणसं आली, त्यांच्यापुढे ताईने फोटो ठेवला आणि विमानाला पाणी मारण्याचा विषय कायमचा संपला. अर्ज निकाली निघाला. शेरा मीच मारला, 'वस्तू मिळाली, गैरसमजातून प्रकार'.

त्या शेऱ्यात एक लबाडी आहे. गैरसमज नुसता त्या दोघांचा नव्हता, माझाही होता. निवृत्तीच्या वेळी कागद आवरताना तो अर्ज पुन्हा हाती आला. वस्तूचं वर्णन माझ्याच अक्षरात. पदकविजेत्या वैमानिकाचा फोटो, एक नग. खून असो, मारामारी असो, अपघात असो, जागेवर आणखी कोण होतं, हा माझा पहिला प्रश्न असे. नव्या पोरांना मी हाच प्रश्न शिकवत आलो. त्या फोटोबद्दल मी तो विचारला नाही. खाली बसून खडे चिकटवणाऱ्या बायांबद्दलही नाही. विचारला असता तर पहिल्याच दिवशी केस सुटली असती. काखेत कळसा आणि आम्ही चौकबाजारला वळसा घालून आलो.

आता नानांच्या प्रदर्शनात काळ्या चौकटी नाहीत. फोटो कडांसकट लागतात. शिड्यांवर, पंखांखाली, चाकांजवळ माणसं दिसतात, काहींची फक्त पाठ, काहींचा अर्धा चेहरा. प्रत्येकाखाली नानांनी पट्टी लावली आहे. एका पट्टीवर नाव आहे. ते मी सुरुवातीला दिलेल्या शब्दाप्रमाणे इथे लिहीत नाही, पण ज्याला वाचायचं असेल त्याने सव्वीस जानेवारीला गोडादऱ्यात यावं. बाकीच्या पट्ट्यांवर नानांनी आमच्याच खात्यातले शब्द उचलले आहेत, 'नाव मिळालेलं नाही, तपास चालू'.

तो तपास माझ्याकडे आहे. दर बुधवारी मी, नाना आणि ताई बसतो. जुन्या तुकड्यांना, निवृत्तांच्या संघटनांना पत्रं लिहितो. मजकूर मी सांगतो, नाना लिहितात, पत्ते ताई चिकटवते. आजवर सात नावं मिळाली आहेत, येत्या सव्वीस जानेवारीला त्यांच्या पट्ट्या बदलतील. सही करताना आधी ताई करते, मग आम्ही दोघं.